भाषेच्या तासाला पुढाकार कुणाचा? कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी, बदलीच्या गप्पा संपल्या की मराठी-इंग्रजी शिकवणारे आपण सगळे त्याच त्या प्रश्नांवर येतो. ते प्रश्न इथं एकत्र केले आहेत. उत्तरं एका भाषाशिक्षकाची आहेत, शासनाची नाहीत. जिथं कायद्याचा किंवा गुणांचा मुद्दा आहे तिथं तसं सांगितलं आहे, बाकी ठिकाणी मत आहे आणि ते मत म्हणूनच वाचावं.

"सर्जनशील नेतृत्व" हे शब्द प्रशिक्षणात फार ऐकू येतात. साध्या वर्गशिक्षकाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय?

निर्णय कोण घेतं, एवढाच अर्थ. भाषेच्या एका तासात कितीतरी निर्णय होतात. आज कोणता उतारा वाचायचा? आधी कोण बोलणार? मुलानं चुकीचं वाक्य बोललं तर तिथंच अडवायचं की पुढं जाऊ द्यायचं? कवितेचा अर्थ आधी सांगायचा की शेवटी, की सांगायचाच नाही? यातला एकही निर्णय पाठ्यपुस्तक घेत नाही आणि शाळांच्या गटावर देखरेख करणारे केंद्रप्रमुखही घेत नाहीत. आपल्या हातून ते घेतले जातात, पण बहुतेक वेळा सवयीनं. आपल्याला जसं शिकवलं तसं आपण शिकवतो. ज्या दिवशी यातला एखादा निर्णय आपण समजून-उमजून घेतो आणि तो जमला की नाही ते मुलांच्या वहीत जाऊन बघतो, त्या दिवशी तास आपल्या हातात आलेला असतो.

दुसरा भाग असा, की शेजारच्या वर्गातल्या बाईंनी ती गोष्ट उचलली पाहिजे. आपल्यापुरती ठेवलेली युक्ती चांगल्या शिकवण्यात मोडते, पुढाकारात नाही.

आणि काय नाही, तेही सांगून टाकतो. भिंतीवरचे तक्ते, थर्माकोलची बाराखडी, दारावर रंगवलेली रेल्वे आणि ग्रुपवर टाकलेले फोटो. यात वाईट काही नाही. पण रेल्वे रंगवली म्हणून पोरगं वाचायला लागलं, असं मी तरी बघितलेलं नाही.

मला कविता करता येत नाही, गाता येत नाही, नाटकाचं अंग नाही. मग?

काही बिघडत नाही. ज्याचं उत्तर तुम्हालाच माहीत नाही असा प्रश्न विचारता आला पाहिजे. "धड्यातल्या मुलाचं नाव काय?" हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि तुम्हाला ठाऊक आहे हे पोरांनाही ठाऊक आहे. म्हणून ती कंटाळलेल्या सुरात एकदम उत्तर देतात. "तुमच्या गल्लीत सगळ्यांत आधी कोण उठतं आणि का?" असं विचारा. वर्गाचा आवाजच बदलतो.

आपल्याकडं असं कुणी करून दाखवलं आहे का? की सगळं परदेशातलंच?

आपल्याकडंच आहे, लांब जायला नको. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. त्याआधी त्यांनी शिक्षक घडवण्याचं काम केलं होतं, म्हणजे शिक्षकांना काय येतं आणि कुठं अडतं हे त्यांना आतून माहीत होतं. मुलाच्या अनुभवातून भाषा, परिसरातून विषय आणि शिक्षकानं रोज स्वतः विचार करून तास बांधायचा, हे त्यांनी मराठी माध्यमात आणि आपल्याच गावात करून दाखवलं. "हे इथं चालणार नाही" असं म्हणणाऱ्याला एवढं एक उत्तर पुरे.

देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा. आणि त्याच्याही मागं गेलं तर राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्या निर्णयाची आठवण आपण जयंतीला काढतो, पण भाषाशिक्षकाच्या दृष्टीनं त्याचा अर्थ क्वचित सांगतो. ज्या घरात अक्षर कधी आलं नव्हतं त्या घरचं मूल त्यानंतर वर्गात येऊन बसणार होतं. ते स्वतःची बोली घेऊन येणार होतं. तिचं काय करायचं हा प्रश्न तेव्हापासून आपल्यासमोर आहे, आणि पुढचा प्रश्न त्यातलाच.

मुलं "आमी काल जोतिबाला गेल्तो" असं लिहितात. लाल शाई मारू की सोडून देऊ?

दोन्ही नको. हा सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

बोलताना अजिबात अडवू नका. पहिलीतल्या पोराला पहिल्याच आठवड्यात "गेल्तो नाही, गेलो होतो म्हण" असं सांगितलं की ते दुसऱ्या दिवसापासून बोलत नाही. बोलायचं थांबलेलं मूल लिहायला शिकवणं फार अवघड जातं. कच्च्या लेखनातही बोली येऊ द्या. सुधारणा पक्क्या लेखनाच्या वेळी करायची.

ती करण्याची माझी पद्धत अशी. फळ्याचे दोन भाग करायचे. डावीकडं आपण बोलतो तसं, उजवीकडं पुस्तकात असतं तसं. मुलांच्या वह्यांतली वाक्यं कुणाचंही नाव न घेता डावीकडं लिहायची: "आमी गेल्तो", "मी घरला चाललो", "हिकडं ये". उजवी बाजू मुलांनी भरायची. चौथीच्या वर्गात एकदा हे चाललं असताना मागच्या बाकावरून आवाज आला, "ओ सर, 'गेल्तो'मध्ये 'होतो' लपलाय." व्याकरणाच्या पुस्तकात हे वाक्य नाही, पण त्या पोरीला ते सापडलं होतं. मग वर्गानं "आल्तो", "बसल्तो", "खाल्ल्तं" अशी रांगच लावली.

मुलींच्या बाबतीत विशेष जपा. आपल्या भागात बायका आणि मुली "मी आलो", "मी जातो" असं सहज म्हणतात. पुस्तकात "मी आले", "मी जाते" येतं. हा फरक जरूर दाखवा, पण हसून दाखवू नका आणि वर्गालाही हसू देऊ नका. तिची आई, आजी, आत्या तशाच बोलतात. आपण त्या मुलीच्या वाक्याला हसतो तेव्हा तिच्या घराला हसतो.

एक साधा नियम लागू पडतो. गोष्टीत माणूस बोलत असेल तर बोली ठेवायची, लेखक सांगत असेल तर प्रमाण मराठी. मुलांना तो पटकन समजतो, कारण आजी कशी बोलते आणि बातम्या देणारी बाई कशी बोलते हे त्यांना माहीत असतं. चंदगडमध्ये तर हा खेळ आणखी रंगतो, तिथली बोली कोल्हापूर शहरातल्या पोरांनाही चटकन कळत नाही. सीमेलगतच्या गावांत कन्नड आहे, इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणाऱ्या घरांतून आणखी भाषा येतात. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये वर्गातल्या बहुभाषिकतेकडं अडचण म्हणून नव्हे तर साधन म्हणून बघितलं आहे. तेव्हा कुणी विचारलं तर आधार आहे.

परीक्षेत मात्र प्रमाण मराठीच लागते. हे मुलांपासून लपवू नये. पाचवीच्या पुढं स्पष्ट सांगावं.

नमुन्यादाखल एखादा तास सांगा.

हंगामात करायचा तास सांगतो. कार्तिकापासून पुढं करवीर, कागल, पन्हाळा भागात गुऱ्हाळं पेटलेली असतात. शाळेच्या वाटेवरच वास येतो. त्या आठवड्यात "माझा आवडता सण" बाजूला ठेवायचा.

पहिला तास फक्त बोलण्याचा. "गुऱ्हाळात कोण कोण असतं?" मी विचारलं आणि फळ्यावर लिहीत गेलो. गुळव्या, चुलवाणात चिपाड टाकणारा, ऊस घालणारा, मालक. काहील, चरक, मळी, वाफा, रवे. मराठी माझा विषय, तरी यातले निम्मे शब्द मी पोरांकडून घेतले. भेंडीवर आलो तेव्हा वर्गातला एक अगदी गप्प मुलगा, एरवी दोन ओळींच्या पुढं न जाणारा, उठून उभा राहिला. "रसात भेंडीचं पाणी घालत्यात. मग मळी वर येती. ती काढली न्हाई तर गूळ काळा हुतो." मी विचारलं, "आणि पाक झाला हे गुळव्याला कसं कळतं?" तो थांबला. हवेत बोटांनी काहीतरी चिमटीत धरून पाण्यात सोडल्यासारखं केलं आणि म्हणाला, "असं बघतो. गोळी झाली की झालं."

तिथं मी फक्त एक वाक्य बोललो: "आत्ता हातानं दाखवलंस ते शब्दात लिही." त्या दिवशीचं लेखन तेवढंच. वर्गानं एका कृतीचं वर्णन करायचं, अशा माणसासाठी की ज्यानं गुऱ्हाळ कधी बघितलेलं नाही. दुसऱ्या तासाला वह्या बदलल्या. वाचणाऱ्यानं उभं राहून लिहिलंय तसं करून दाखवायचं. जिथं हात अडला तिथं वाक्य अपुरं. "मग ते काढायचं" असं लिहिणाऱ्याला सगळा वर्ग ओरडून विचारायचा, "काय काढायचं? कशानं काढायचं?" कर्म आणि करण यांची व्याख्या न सांगता दोन्हीची गरज पोरांना कळली. व्याख्या तिसऱ्या तासाला दिली. त्या गप्प मुलाचं पान भरलं होतं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

तुमच्याकडं गुऱ्हाळ नसेल तर हुपरीत चांदीकाम आहे, इचलकरंजीत माग आहे, शिरोलीत कारखाने आहेत, शहरात तालमी आहेत. मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळणारी एखादी गोष्ट प्रत्येक गावात असते, ती शोधायची.

हे सगळं करत बसलो तर अभ्यासक्रम कधी संपवायचा?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे, त्यातून सुटका नाही. पण पाठ्यपुस्तक म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. साध्य करायच्या असतात त्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला शेवटी काय यायला हवं ते, आणि पुस्तक हे त्यासाठीचं एक साधन. वर सांगितलेल्या गुऱ्हाळाच्या तासांत निरीक्षण, तोंडी वर्णन, क्रमवार लेखन आणि वाक्यरचना एवढं झालं. टाचणात, म्हणजे तासाच्या नियोजनाच्या वहीत, ते तसं लिहा. मग धड्याखालच्या स्वाध्यायातले जे प्रश्न तेच कौशल्य मागतात ते पुन्हा करायची गरज उरत नाही. प्रत्येक धड्याची प्रत्येक रिकामी जागा भरली पाहिजे, असं कुठल्याही कायद्यात नाही.

गुण कसे द्यायचे? यात बरोबर-चूक असं काही नसतं.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता होणाऱ्या, भागासाठी निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनं आहेतच. पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाचा भार ७० टक्के आहे, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५० आणि सातवी-आठवीला ४०. म्हणजे खालच्या वर्गांत निम्म्याहून जास्त गुण आपल्याच वर्षभरच्या नोंदींवर आहेत, आणि ही जागा आपण बहुतेक वेळा सत्राच्या शेवटी एका बैठकीत, साच्यातल्या शेऱ्यांनी भरून टाकतो. "वाचन स्पष्ट करतो", "सहभाग चांगला", खालून वर सगळ्यांना तेच. त्याऐवजी तासाला चार मुलांकडंच बघा आणि एकेक खरी नोंद करा: "कृतीचा क्रम बरोबर, पण कर्ता गाळतो." पुढच्या महिन्यात काय शिकवायचं ते त्या ओळीत लिहिलेलं असतं.

माझ्याकडं दहावी आहे. तिथं प्रयोगाला जागा कुठली?

आहे, आणि चांगली आहे. मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत, म्हणजे सगळ्यांत मोठा विभाग. पत्र, बातमी, जाहिरात, कथा, निबंध हे सगळं त्यात येतं. आणि नेमकं तेच आपण गाईडमधून पाठ करून घेतो, की सगळ्या वर्गाच्या पत्रात तेच "आपला विश्वासू" आणि वर तीच तीन वाक्यं.

औपचारिक पत्रासाठी खरा विषय द्या. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणं दाखवली, नाव न घेता. टीका झाल्यावर ती प्रेरणा कोल्हापुरीची असल्याचं कंपनीनं मान्य केलं. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हींच्या जिल्ह्यांसाठी. हे मुलांना माहीत नसतं आणि कळल्यावर वाद सुरू होतो. होऊ द्या. मग तीन पत्रं लिहायची: कारागिराकडून कंपनीला, दुकानदाराकडून ग्राहकाला, आणि कंपनीकडून कोल्हापूरला. तिसरं लिहायला मुलं नाखूश असतात. पण ज्याच्याशी भांडतोय त्याच्या बाजूनं सभ्य मराठीत चार वाक्यं लिहिता आली, की मुद्दा मांडता येतो की नाही ते कळतं. पत्र लिहिण्याआधी एखाद्या कारागिराकडं जाऊन कापशी म्हणजे काय, कान कशाला म्हणतात, वेणी कशी घालतात एवढं विचारून यायला सांगा. "आमची परंपरा महान आहे" असली वाक्यं त्यामुळं आपोआप कमी होतात.

पत्राचा मायना, विषय, तारीख यांचा सराव सुटा करून घ्या. तिथले गुण हक्काचे आहेत, ते घालवू नयेत.

सहकारी हसतात. "नवीन खूळ काढलंय" म्हणतात. काय करावं?

थोडं हसणं सोसावं लागतं. पहिल्या वर्षी कुणालाच काही शिकवायला जाऊ नका, हे माझं ठाम मत आहे. शिक्षण परिषदेत प्रोजेक्टर लावून "माझा उपक्रम" सादर केला की समोरच्याला तो आपल्याविरुद्धचा शेरा वाटतो. एका शाळेत असं झालेलं मी बघितलं आहे. सादरीकरण उत्तम होतं, टाळ्या वाजल्या, आणि त्या बाईंशी पुढं दोन महिने कुणी धड बोललं नाही.

त्यापेक्षा पोरांच्या दोन वह्या स्टाफरूमच्या टेबलावर ठेवा. बोलू नका. कुणीतरी उघडतंच. "हे ह्यानं लिहिलं? खरंच?" असा प्रश्न आला की पुढचं सोपं. मग दहा मिनिटं वर्गात येऊन बसायचं आमंत्रण द्या, आणि त्यांच्या वर्गात तुम्हीही जाऊन बसा. जुन्या गुरुजींकडं भरपूर असतं. सुंदर अक्षर घटवून घेणं, कविता चालीवर बसवणं, न ओरडता वर्ग शांत करणं हे नव्या पिढीला फारसं येत नाही. ते मागून घेतलं की आपलं द्यायला तोंड उरतं.

मुख्याध्यापकांना मात्र आधी सांगा. त्यांना बाहेरून कळलं तर चांगली गोष्टही अडते.

पालक म्हणतात, वही कोरी आहे आणि शिष्यवृत्तीची तयारी होत नाही.

कोल्हापुरात हे ऐकावं लागणारच. शिष्यवृत्ती परीक्षेच्या पहिल्या पेपरात प्रथम भाषा असते, त्यात उताऱ्यावरचे प्रश्न असतात. उतारा कळण्यासाठी मूल वाचतं हवं, हे पालकांना सांगून पटत नाही, दाखवून पटतं. सत्रातून एकदा पालकांना बोलवा आणि मुलाला न पाहिलेला परिच्छेद मोठ्यानं वाचून त्याच्या शब्दात सांगायला लावा. वहीपेक्षा ते जास्त बोलतं.

आमची द्विशिक्षकी शाळा आहे, एका खोलीत दोन-तीन इयत्ता. हे जमेल?

गगनबावडा, शाहूवाडीकडच्या शिक्षकांचा हा नेहमीचा प्रश्न. कायद्यानं ६० पटापर्यंत दोन शिक्षक, त्यामुळं बहुवर्ग अध्यापन टळत नाही. भाषेला मात्र ते फायद्याचं ठरतं. चौथीनं पहिलीला वाचून दाखवायचं. ऐकणारं लहान पोर कंटाळलं की उठून जातं, त्यामुळं वाचणाऱ्याला आपोआप नीट वाचावं लागतं. पहिलीतल्यांनी सांगायचं आणि तिसरीनं ते लिहून घ्यायचं, हेही चांगलं चालतं. सगळ्या इयत्तांना एकच विषय आणि कामं वेगळी, एवढं नियोजन पुरतं.

मुलं निबंध मोबाईलवर एआयकडून लिहून आणतात.

घरी निबंध देणं बंद करा, वर्गात लिहून घ्या. आणि विषय असा द्या की यंत्राला माहीत नसेल. "पावसाळ्यातील एक दिवस" त्याला येतो. २०१९ च्या पुरात तुमच्या घरातलं कुठलं सामान सगळ्यांत आधी वर ठेवलं, हे फक्त घरच्यांना विचारूनच लिहिता येतं. मोठ्या मुलांना एआयचा निबंध देऊन त्यात खोटं किंवा गुळमुळीत काय आहे ते शोधायलाही सांगता येतं. त्यांना त्यात भलती मजा येते.

हे सगळं मराठीपुरतं झालं. इंग्रजीच्या तासाला काय?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी सातवीतलं मूल एक वाक्य धड बोलत नाही, ही तक्रार कायम. कारण बहुतेक वर्गांत इंग्रजीचं भाषांतर होतं, वापर होत नाही. दोन गोष्टी सुचवतो, दोन्हींना खर्च शून्य.

पहिली, शिक्षकानं भूमिकेत शिरणं. ब्रिटनच्या डोरोथी हीथकोट यांनी नाट्याधारित शिक्षणात ही पद्धत रुजवली. तुम्ही वर्गात येताना परदेशी पाहुणे होऊन या, ज्याला मराठी अजिबात येत नाही आणि ज्याला महाद्वाराहून रंकाळ्याला जायचं आहे. नाटक करायची गरज नाही, गळ्यात एक उपरणं किंवा हातात पिशवी पुरे. भूमिकेत आहात तोवर मराठीचा एकही शब्द समजल्यासारखं दाखवायचं नाही. मुलं आधी खिदळतात, मग हातवारे करतात, मग एकमेकांना शब्द पुरवतात.

दुसरी, डिक्टोग्लॉस. नाव अवघड, काम सोपं. पाच-सहा वाक्यांचा इंग्रजी उतारा दोनदा नेहमीच्या वेगानं वाचायचा. पहिल्यांदा फक्त ऐकायचं, दुसऱ्यांदा हाती लागतील तेवढे शब्द टिपायचे. मग चौघांच्या गटानं तो उतारा पुन्हा उभा करायचा. गटात भांडण मराठीत, नव्हे कोल्हापुरीतच होणार. "हितं 'वॉज' न्हाई, 'वेअर' पायजे, दोगं हायत की!" हे होऊ द्या, तेच व्याकरण आहे. मूळ उतारा सगळ्यांत शेवटी फळ्यावर लिहायचा. त्याच्याशी शब्दशः जुळलं पाहिजे असा आग्रह धरू नका. गटाचं वाक्य वेगळं असेल, पण अर्थ तोच आणि रचना बरोबर असेल, तर पूर्ण गुण द्या आणि ते वाक्यही मूळ वाक्याशेजारी फळ्यावर लिहा.